पट, पत्ते आणि पुठ्ठा : स्वतः बनवलेला खेळ नाशिकमध्ये छापून घेताना

खेळ घरच्यांना आवडला, मित्रांनी दोनदा मागून खेळला, की लगेच चित्रकार शोधायची घाई होते. ती थोडी लांबवा. आधी पट्टी, कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. पत्ते किती, पट किती इंचांचा, बॉक्स किती उंच, हे आकडे छपाईच्या शीटवर बसतात का ते पाहिल्याशिवाय एकही चित्र काढून घेऊ नका. बहुतेक खेळांचा खर्च इथेच वाढतो. तो लक्षात येईपर्यंत चित्रं तयार असतात आणि मग काहीच कमी करवत नाही.

पुढच्या सगळ्या हिशोबासाठी एक उदाहरण धरू. द्राक्षबागेचा खेळ, दोन ते चार जणांसाठी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग काढणी. मध्ये डावणी आणि भुरी हे रोग, अवकाळी, गारपीट. ५८ पत्ते, १६ इंची चौकोनी पट, चार सोंगट्या, दोन फासे आणि मालासाठी लाकडी मणी.

शीटचा हिशोब

पत्त्याचं रूढ माप ६३ × ८८ मिमी. चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापाच्या बाहेरची जादा छपाई) धरलं की ६९ × ९४ मिमी. डिजिटल छपाईची १२ × १८ इंची शीट म्हणजे साधारण ३०५ × ४५७ मिमी. त्यावर आडवे सहा आणि उभे तीन, असे १८ पत्ते बसतात. ५४ पत्त्यांना तीन शीट लागतात, ७२ ला चार. आपल्या ५८ पत्त्यांनाही चारच लागतात आणि १४ जागा कोऱ्या जातात. म्हणजे चार पत्ते कमी केले तर पत्त्यांच्या छपाईचा चौथा हिस्सा वाचतो. कमी करायचे नसतील तर कोऱ्या जागा भरून काढा: प्रत्येक खेळाडूला एक 'पाळीत काय करायचं' पत्ता, दोन कोरे पत्ते, उरलेल्यांत बागेच्या जाती.

ऑफसेटला, म्हणजे प्लेटा बनवून होणाऱ्या छपाईला, गणित बदलतं. १८ × २५ इंची शीटवर याच मापाचे ३६ पत्ते बसतात. ७२ पत्ते म्हणजे दोन शीट. चार रंगांच्या चार प्लेटा, दोन वेगवेगळ्या पुढच्या बाजूंच्या मिळून आठ. सगळ्या पत्त्यांची मागची बाजू सारखी असेल तर तिच्या चारच प्लेटा दोन्ही शीटना चालतात, म्हणजे एकूण १२. इथे ५४ पत्ते ठेवले तरी प्लेटा १२ च लागतात, फक्त दुसरी शीट निम्म्या संख्येने चालते. म्हणून डिजिटलला ५४ आणि ऑफसेटला ७२ असं दोन्ही अंगांनी चालेल अशी रचना आधीच ठेवली तर पुढच्या आवृत्तीत खेळ मोडावा लागत नाही.

साधारण दोन-तीनशे संचांपर्यंत डिजिटल परवडतं. पाचशेच्या पुढे ऑफसेट. पहिल्याच फटक्यात हजार छापू नका. शंभर डिजिटल, चुका दुरुस्त, मग ऑफसेट, हा क्रम पाळा. नियमपुस्तिकेत चूक राहिलेले नऊशे बॉक्स घरात ठेवायला जागाही लागते.

चाचणी

सुरुवातीची प्रत साधीच करा. जुना पत्त्यांचा कॅट घ्या, प्लास्टिकच्या पत्ता-पाकिटात पत्ता आणि त्याच्यापुढे हाताने लिहिलेली चिठ्ठी सरकवा. चिठ्ठी बदलली की पत्ता बदलला. या टप्प्यावर सुंदर प्रत केली की ती खोडायला जीव होत नाही आणि खेळ सुधारायचा थांबतो.

घरच्यांबरोबरच्या चाचणीत नियम तुम्ही सांगत असता, त्यामुळे त्यातून फक्त खेळ कंटाळवाणा आहे की नाही एवढंच कळतं. खरी चाचणी म्हणजे पाच-सहा वेगवेगळ्या गटांना बंद पिशवी द्यायची, नियमांचा कागद द्यायचा आणि स्वतः तोंड उघडायचं नाही. कोणी "हे असंच ना?" म्हणून विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही, प्रश्न लिहून घ्यायचा. एकच प्रश्न दोन गटांनी विचारला की ती ओळ चुकली आहे, वाचणारे नाहीत.

चार गोष्टी दर डावाला टिपून ठेवा: डाव किती मिनिटं चालला, कागदाकडे कितीदा मान वळली, कोणता पत्ता कुणीच वापरला नाही, आणि पहिली पाळी असलेला जिंकला का. तिघांच्या ३० डावांत पहिल्याने साधारण दहा जिंकायला हवेत. १६-१७ जिंकत असेल तर शेवटच्या खेळाडूला सुरुवातीला एखादा मणी जास्त द्या आणि पुन्हा मोजा.

नियमांची मराठी

मराठीत नियम लिहिताना एक अडचण ठरलेली असते. डाव, फेरी, पाळी, चाल हे शब्द बोलताना आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. नियमांत तसं चालत नाही. पहिल्याच पानावर ठरवून टाका: डाव म्हणजे मांडणीपासून निकालापर्यंत, फेरी म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, पाळी एका खेळाडूची, चाल म्हणजे पाळीत केलेली एक कृती. मग शेवटपर्यंत तेच शब्द. 'पत्ते पिसा', 'पालथे ठेवा', 'उताणा करा' हे घरोघरी कळतं. तिथे 'शफल', 'फेस डाउन' आणायची गरज नाही.

क्रियापदांकडे विशेष लक्ष द्या. 'एक पत्ता टाकून दुसरा घ्यावा' या वाक्यात घेणं सक्तीचं आहे की ऐच्छिक? अर्धे खेळाडू सक्ती समजतात, अर्धे सवलत. सक्ती असेल तर 'घ्या', मर्जी असेल तर 'हवं तर घ्या', आणि 'घ्यावा' हे रूप नियमांतून सरळ काढून टाका. 'पाच पर्यंत मणी ठेवता येतात' यापेक्षा 'जास्तीत जास्त पाच मणी'. 'तीन घरं पुढे जा' म्हटलं की कोणी उभं असलेलं घर मोजतो, कोणी नाही. 'उभं असलेलं घर मोजू नका' एवढं जोडलं की भांडण मिटतं. 'उजवीकडच्याची पाळी' लिहिताना 'घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने' की उलट, ते चित्रात बाण काढून दाखवा.

पत्त्यावर ओळी तीनच्या वर जाऊ देऊ नका. 'गारपीट : काढणीला आलेल्या प्रत्येक बागेतून २ मणी परत करा. शेडनेट असेल तर १.' एवढं पुरतं. बाकीचं पुस्तिकेत.

फाइल तयार करताना

रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया), चित्रं ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), कापाच्या आत ३ मिमीपर्यंत महत्त्वाचं काहीही नको. काळा मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंगांचा मिळून काळा केला तर शीट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा दिसतात. हे सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो देवनागरीत.

प्रेसमधल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मजकूर उघडला की जोडाक्षरं सुटतात. सगळ्यात आधी मोडतो तो 'ऱ्य'. 'शेतकऱ्याला' चं 'शेतकर्याला' होतं आणि घाईत डोळ्यांतून निसटतं. म्हणून फाइल देण्याआधी सगळा मजकूर कर्व्हमध्ये (अक्षरांच्या जागी त्यांच्या आकृत्या) बदला आणि प्रेसला पीडीएफ द्या. कर्व्ह केल्यावर आणखी एक गोष्ट तपासा: प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. अक्षरांना बाह्यरेषा दिली असेल किंवा पारदर्शकपणा दिला असेल तर प्रत्येक जोडावर उभा चरा दिसतो. अक्षरं वेल्ड करून, म्हणजे एकसंध आकृतीत जोडून, घेतली की तो जातो.

मात्रा आणि उकार वर-खाली जागा मागतात, म्हणून दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट धरा. पत्त्यावर ८ पॉइंटच्या खाली जाऊ नका. गडद रंगावर पांढरी अक्षरं असतील तर १० पॉइंट आणि ठळक, नाहीतर अनुस्वार शाईत बुजतो आणि 'मंडळ' चं 'मडळ' होतं. फॉन्टचा परवाना बघून घ्या. 'मुक्ता' आणि 'बलू' हे 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, व्यावसायिक छपाईला चालतात. फॉन्टमध्ये सोय असेल तर भाषा मराठी निवडा म्हणजे 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात.

प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात बारीक क्रमांक टाका, १ ते ७२. पॅकिंग करताना आणि हरवलेला पत्ता कुणी मागितला तर याचा उपयोग होतो.

पत्त्यांचा कागद आणि मागची बाजू

३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट कार्ड हा सहज मिळणारा पर्याय. त्यावर लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करा. एकाच बाजूला केलं की पावसाळ्यात पत्ता धनुष्यासारखा वाकतो, कारण उघडी बाजू हवेतली ओल घेऊन फुगते आणि फिल्मची बाजू फुगत नाही. मॅटवर गडद रंगात बोटांचे डाग आणि ओरखडे दिसतात. ग्लॉसवर ट्यूबलाइट चमकते आणि नवे पत्ते एकमेकांना चिकटतात. फिकट रंगसंगती असेल तर मॅट घ्या. उजेडात धरल्यावर पलीकडचं दिसतं का तेही कोऱ्या नमुन्यावर पाहा. ज्या खेळात पत्ते हातात लपवायचे असतात त्यात हे सगळ्यात महत्त्वाचं.

मागच्या बाजूला बारीक चौकट काढू नका. पुढची आणि मागची छपाई एकमेकांवर तंतोतंत बसत नाही, एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. २ मिमीची चौकट असेल तर एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ३ दिसते, आणि चार डावांत खेळाडू 'गारपीट' पाठीवरून ओळखायला लागतात. १९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, त्यामुळे छपाईतला अर्धा मिलिमीटर काय असतो हे या गावाला ठाऊक आहे. पण जॉब प्रेसकडून त्या अचूकतेची अपेक्षा धरू नये. सरकलं तरी दिसणार नाही असं डिझाइन करा: कडेपर्यंत जाणारी सलग नक्षी, किंवा किमान ५ मिमीची चौकट.

कापताना गठ्ठा लहान घ्यायला सांगा. उंच गठ्ठ्यात पातं खाली जाताना कागद ओढला जातो, वरचा आणि खालचा पत्ता सारखा येत नाही. कोपरे गोल करायचं मशिन बाइंडरकडे असतं.

पट

पटासाठी २ मिमीचा कप्पा बोर्ड, म्हणजे जाड कडक पुठ्ठा, आणि त्यावर १३० जीएसएम आर्ट पेपरवर छापलेलं, लॅमिनेट केलेलं लेबल. १६ इंची पटाला कडा दुमडायला चारही बाजूंनी १५ मिमी जादा लागतात, म्हणजे लेबल ४३६ मिमी चौकोनी. १८ × २५ शीटवर ते बसतं आणि शेजारी साडेसात इंचांची पट्टी उरते. ती फेकू देऊ नका. बॉक्सच्या तळाचं लेबल किंवा एका पानातले नियम त्याच शीटवर निघतात.

पट वाकतो, आणि त्याचं कारण एकच असतं. ओलं लेबल चिकटवताना कागद ताणलेला असतो, वाळताना आकसतो आणि बोर्डाला आपल्याकडे ओढतो. उपाय म्हणजे मागेही तेवढ्याच वजनाचा कागद, त्याच्या धाग्याची दिशा पुढच्या लेबलासारखी, आणि शक्यतो त्याच दिवशी चिकटवायचा. नंतर रात्रभर सपाट दाबाखाली. बाइंडर पटाखाली पट रचून वर वजन ठेवतात. मध्ये प्लास्टिकची शीट घालायला सांगा, नाहीतर ओल एका पटातून दुसऱ्यात जाते. मैद्याची खळ स्वस्त पडते आणि वह्या-पुस्तकांना ठीक आहे, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि पुढे कसर लागते. पटाला पांढरा फेविकॉलसारखा गोंदच वापरा, पातळ थरात.

घडीची जागा बाइंडरवर सोडू नका. चौपदरी पटाला तीन घड्या आणि अर्धा काप असतो. काप कोणत्या बाजूला आहे हे कागदाची घडी करून नमुना हातात द्या. घडीवर घरांचे आकडे किंवा चेहरे येऊ देऊ नका. डिजिटल छपाईत घडीवर शाईचे पापुद्रे निघतात, म्हणून घडी येणाऱ्या प्रत्येक तुकड्याला लॅमिनेशन हवंच.

बॉक्स

घडी घातलेला पट ८ इंच, म्हणजे २०३ मिमी. बॉक्स आतून २०७ मिमी ठेवा. कप्प्याच्या दोन भागांच्या बॉक्समध्ये तळ आणि झाकण यांत एकूण दीड मिलिमीटरची मोकळीक लागते. त्याहून कमी ठेवली तर झाकण हवेच्या दाबाने निघत नाही, जास्त ठेवली तर बॉक्स उचलताना तळ खाली पडतो. उंची प्रत्यक्ष मांडून ठरवा: पट सुमारे १० मिमी, ७२ पत्ते दोन गड्ड्यांत, पुस्तिका, मण्यांची पिशवी. आतून ४० मिमी बहुधा पुरते.

बॉक्सचं माप कुरिअरला कळतं. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००, हे बऱ्याच ठिकाणचं आकारमानी वजन. खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच धरतात. बाहेरचं खोकं २५ × २५ × ८ असेल तर बरोबर १ किलो. उंची ९ केली की १.१२५, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्यांत तो दीड किलोचा दर होतो. एक सेंटिमीटर रिकामी हवा बॉक्समध्ये ठेवायची हौस अशी दर पार्सलला पैसे मागते.

खोकी आणि कार्टन बनवणारे अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत मिळतात. ते मोठ्या ऑर्डरींना सरावलेले असतात, त्यामुळे तीनशे नगांचं काम मागे पडतं. हातात पंचिंगची डाय (पुठ्ठा कापायचा साचा), मापाचा नमुना आणि तारीख लिहिलेली ऑर्डर घेऊन गेलात तर काम लवकर लागतं. डायचे पैसे तुम्ही दिले असतील तर डाय तुमची, हे बिलावर लिहून घ्या.

सोंगट्या, फासे, मणी

पाचशे संचांसाठी प्लास्टिकचा साचा करायला जाऊ नका. साच्याचा खर्च वसूल होत नाही. लाकडी सोंगट्या घ्या. सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्धच आहेत, आणि खरादीवर काम करणारे कारागीर इतरत्रही आहेत. सोंगटी २५ मिमी उंच, तळ १२ ते १५ मिमी. हातकामात माप थोडं कमीजास्त होतंच, पण तळ सपाट हवा. लाल आणि हिरवा एकत्र वापरायचे तर आकार वेगळा द्या, काही जणांना हे दोन रंग सारखेच दिसतात. फासे १६ मिमीचे, समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७. लागणाऱ्यांपेक्षा पाच टक्के नग जास्त घ्या.

कायद्याची बाजू

१४ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. त्याचं मानक आयएस ९८७३. बॉक्सवर '१४+' छापलं म्हणजे सुटलो असं नाही. चित्रं, विषय आणि भाषा उघडपणे मुलांची असेल तर खेळ मुलांचाच धरला जाऊ शकतो. म्हणून खेळ कुणासाठी, हा निर्णयही चित्रांच्या आधीचा.

बॉक्सवर निर्मात्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नगसंख्या, निर्मितीचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहकांसाठी फोन-ईमेल लागतात. मराठी प्रकाशक हमखास चुकतात ते पुढे: आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार हा मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला चालते, एकटी नाही. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. पटखेळ एचएसएन (जीएसटीसाठीचा वस्तूचा संकेतांक) ९५०४ खाली येतात. खेळाच्या कल्पनेला स्वामित्वहक्क मिळत नाही, पण लिहिलेले नियम आणि चित्रं यांना मिळतो. नावाचं ट्रेडमार्क वर्ग २८ मध्ये. चित्रकाराकडून हक्क लेखी घ्या, पुढच्या आवृत्तीसकट.

किंमत

एमआरपी उत्पादन खर्चाच्या चौपट तरी हवी. समजा ८०० रुपये ठेवली आणि दुकानदाराला ४० टक्के दिले, तर हातात ४८०. त्यातून कर, वाहतूक, खराब नग, बदली पत्ते, पुढच्या छपाईची रक्कम. उत्पादन २०० च्या वर गेलं तर विकूनही हातात काही उरत नाही. खर्च काढताना पॅकिंगची मजुरी विसरू नका. एक संच भरायला सहा-सात मिनिटं लागतात, पाचशे संचांना पन्नास-साठ तास.

वेळ

पटखेळ वर्षातून दोनदा विकले जातात, दिवाळीला आणि उन्हाळी सुट्टीत. दिवाळीआधी छापखाने दिवाळी अंक, कॅलेंडर आणि मिठाईच्या बॉक्समध्ये बुडालेले असतात, आणि बाइंडिंगचं काम ऐन पावसाळ्यात येतं, जेव्हा गोंद वाळत नाही. उन्हाळ्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत काम केलं तर हवा कोरडी मिळते. दिवाळीच धरायची असेल तर पट आणि बॉक्स मेअखेर करून ठेवा, पत्ते नंतर.

प्रूफ, पॅकिंग, साठा

प्रूफ पडद्यावर मान्य करू नका. ज्या कागदावर छापायचं त्याच कागदावर एक पूर्ण संच काढून घ्या, कापून घ्या आणि त्या संचाने एक डाव खेळा. मजकूर खेळ माहीत नसलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

पत्ते मोजायला दहा संच हाताने मोजून त्यांचं वजन करा आणि त्या सरासरीशी बाकीचे ताडा. ३०० जीएसएमचा लॅमिनेट पत्ता पावणेदोन ते दोन ग्रॅमचा असतो, म्हणून काटा ०.१ ग्रॅमचा लागतो. प्रत्येक लॉटचं वजन वेगळं येतं, जुना आकडा वापरू नका. वजन संशयास्पद वाटलं की कोपऱ्यातले क्रमांक लावून बघा.

श्रिंक रॅप करण्याआधी बॉक्स दोन दिवस पंख्याखाली उघडे ठेवा. आत कोंडलेली ओल पुढे बुरशी होते. साठा जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर.

आणि पत्त्यांची मागची बाजू दर छपाईला रंगात थोडी बदलते. म्हणून बदली पत्ते पहिल्याच छपाईत जास्तीचे काढून लॉटनुसार पाकिटांत ठेवा, आणि पुढे जोडपत्ते, म्हणजे खेळ वाढवणारे जादा पत्ते, काढायचे असतील तर त्यांची पाठ मुद्दाम वेगळी ठेवून त्यांचा गठ्ठा पटावर वेगळा मांडायचा नियम आजच लिहा.